‘आठवा की जरा’ म्हणणं आधी बंद करा

केज तालुक्यातल्या एका ताईंनी लांबलचक प्रश्न लिहिलाय, त्याचा सारांश आधी देतो म्हणजे बाकीच्यांना पण उत्तर लागू करून घेता येईल. मिस्टर ३९ वर्षांचे, मोटार वायंडिंगचं दुकान, शिवाय दोन एकर रान. आठ महिन्याखाली रात्री दुकान बंद करून गावाकडं येताना गाडी घसरली, हेल्मेट नव्हतं, अकरा दिवस बेशुद्ध, ऑपरेशन करावं लागलं नाही, डिस्चार्ज कार्डावर जीसीएस ७ लिहिलंय. दवाखान्यात एकदा फिट आलती, तिची गोळी चालू आहे. आता हातपाय ठणठणीत, बोलणं स्पष्ट, शाळेतलं, लग्नातलं, वीस वर्षाखालच्या गिऱ्हाइकाचं सगळं आठवतंय, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी माहीत नसतं. एकच गोष्ट दहादा विचारतात. गोळी घेतली का नाही कळत नाही. एका शेतकऱ्याकडून मोटारीचे पैसे दोनदा मागितले, त्याच्यावरून मोंढ्यात चार लोकांसमोर बोलाबोली झाली. सासूबाई म्हणतात ‘जुनं बरं आठवतंय, कामाचंच कसं इसरतंय, नाटकं करायलाय’. दिरानं बदाम आणि ब्राह्मीच्या बाटल्या आणल्यात. आणि ताई स्वतः रोज संध्याकाळी त्यांना समोर बसवून उजळणी घेतात, आज कोण आलतं, काय खाल्लं, वार कोणता, आणि रोज त्याचा शेवट भांडणात होतो. प्रश्न असा की स्मरणशक्ती वाढवायला अजून काय करावं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार-अपघातानंतर रोजची कामं परत करायला शिकवणारा, वीस वर्षं होत आली, सगळं काम मराठवाड्यातच, त्यामुळं मोंढा, मोटार, रात्रीची लाइट हे सगळं मला सांगायला लागत नाही.

ताई, सगळ्यात आधी ती संध्याकाळची उजळणी बंद करा. आजच. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं एक वाचून फोन ठेवला तरी चालंल. तुम्ही जीव तोडून करायलात हे कळतंय, आणि आपल्याला शाळेपासून हेच शिकवलंय की विसरलं की घोकायचं, परत विचारायचं, चुकलं की परत घोकायचं. मार लागलेल्या मेंदूत ह्याचं उलटं होतं, कसं ते पुढं सांगतो.

आधी नाटकाचं बघू, कारण घरात ते मिटल्याशिवाय बाकीचं काही चालणार नाही. जीसीएस म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायची पट्टी, ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ साली काढलेली, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५, आणि ८ किंवा त्याच्या खाली असलं की मार गंभीर धरतात. दाजी ७ वर होते. त्यात अकरा दिवस बेशुद्ध, आणि तुम्हीच लिहिलंय की शुद्धीवर आल्यावर पण दोन आठवडे ‘आपण कुठं आहोत तेच त्यांना कळत नव्हतं’. पडल्यापासून रोजच्या गोष्टी परत सलग लक्षात राहायला लागेपर्यंत जेवढे दिवस जातात ते आम्ही फार बारकाईनं विचारतो, कारण ते सात दिवसांच्या वर गेले की मार अतिगंभीर समजतात. दाजींचे पंचवीसच्या आसपास गेलेत. एवढ्या मारानंतर स्मरणशक्तीला काहीच झालं नसतं तर मलाच नवल वाटलं असतं.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. कवटीचा तळ कपाळाच्या मागं आणि कानाच्या आतल्या बाजूला खडबडीत असतो, गाडीवरून पडताना मेंदू त्याच्यावर आदळतो नि घासतो, आणि नेमकं तिथंच नवीन गोष्टीकडं लक्ष देणारा आणि ती नोंदवून ठेवणारा भाग असतो, त्यातल्या नोंदवणाऱ्या एका भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. त्याशिवाय मेंदूच्या आतल्या बारीक तारा ताणल्या जातात, तुटतात, आणि हे कित्येकदा सीटी स्कॅनमध्ये दिसतच नाही, मग घरचे म्हणतात रिपोर्ट तर चांगलाय. हे दाजींना सांगून बघा, वायंडिंगवाल्याला एका वाक्यात कळंल: वरून बॉडी चकाचक, आत कॉइल शॉर्ट.

मग जुनं कसं आठवतंय? सासूबाईंना असं सांगा. मोंढ्यातल्या आडत दुकानात जुन्या वह्या कपाटात शाबूत आहेत, पण आज आलेल्या मालाची नोंद करणारा मुनीम आजारी आहे. माल आला, उतरला, काटा झाला, पण वहीत लिहिलंच नाही. आता संध्याकाळी आडत्याला कितीही दरडावून विचारा सकाळी कुणाचं सोयाबीन आलतं, तो वही चाळून चाळून दमंल नाहीतर अंदाजानं एखादं नाव ठोकून देईल. तुमच्या उजळणीत रोज हेच होतंय. दाजींना ‘आठवत नाही’ असं म्हणताना आपण म्हणतो की आत कुठंतरी आहे पण निघंना, पण बऱ्याच गोष्टी आत गेलेल्याच नाहीत तर निघतील कुठून.

त्या अंदाजानं ठोकण्याबद्दल पण बोलू, कारण पैशाचं भांडण तिथूनच झालंय. मोकळी राहिलेली जागा मेंदू आपोआप भरून काढतो, जुन्या कुठल्यातरी आठवणीचा तुकडा तिथं आणून चिकटवतो, आणि माणसाला ते शंभर टक्के खरं वाटतं. ‘त्यानं पैसे दिलेच नाहीत’ हे दाजींनी खोटं बोलून सांगितलं नाही, त्यांच्या डोक्यात तसंच होतं. अशा वेळी वाद घालून काही निघत नाही, कागद लागतो. त्याच्याकडं येतोच.

आता हातांचं. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या माणसाच्या फिट थांबाव्यात म्हणून ऑपरेशन करून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला, आणि त्यानंतर २००८ ला वारेपर्यंत त्याला नवीन घडलेलं जवळपास काहीच लक्षात राहिलं नाही. पण ब्रेंडा मिलनर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली, आणि रोज त्याचा हात सुधारत गेला, तरी दर वेळी तो म्हणायचा हे मी पहिल्यांदाच करतोय. म्हणजे ‘काय घडलं’ ते ठेवणारी जागा वेगळी आणि ‘कसं करायचं’ ते ठेवणारी वेगळी. दाजी आजही स्टेटर हातात घेतला की कॉइल कशी बसवायची, स्लॉटमध्ये पेपर कसा घालायचा ते न अडखळता करतात असं तुम्ही लिहिलंय, ते ह्याच्यामुळं. ही तुमची सगळ्यात मोठी पुंजी आहे, पुढचं सगळं हिच्यावर उभं करायचंय.

आणि म्हणूनच उजळणी नको. १९९४ साली बॅडली आणि बार्बरा विल्सन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग केला, विसरणाऱ्या लोकांना शब्द शिकवले, एकदा अंदाज करायला लावून आणि एकदा अंदाज करूच न देता सरळ बरोबर शब्द सांगून. दुसऱ्या पद्धतीनं त्यांना बरंच जास्त लक्षात राहिलं. कारण असं की तुमच्या-माझ्या डोक्यात चूक झाली तर ‘अरे ही चूक होती’ हे पण लक्षात राहतं, त्यामुळं आपण चुकीतून शिकतो. दाजींना चूक झाली हे लक्षात राहत नाही, पण जे तोंडातून निघालं ते मात्र मुरत जातं. तुम्ही विचारलं आज वार कोणता, ते म्हणले मंगळवार, तुम्ही म्हणलात नाही हो शुक्रवार, तर उद्या तोंडात मंगळवारच यायची शक्यता जास्त. तुम्ही रोज संध्याकाळी चुकीच्या उत्तरांची प्रॅक्टिस घ्यायलात, रागवू नका.

मग करायचं काय, तर विचारायच्या ऐवजी सांगायचं. ‘आज वार कोणता?’ असं न म्हणता ‘आज शुक्रवार आहे, बाजार आहे, संध्याकाळी भाजी आणायचीय’. ‘ह्यांना ओळखलं का?’ असं पाहुण्यासमोर कधीच विचारायचं नाही, हे तर सगळ्या पाहुण्यांना दारातच सांगून ठेवा, कारण आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला आलेला प्रत्येक जण हाच प्रश्न टाकतो आणि स्वतःला डॉक्टर समजतो. पाहुण्यानंच आत आल्याबरोबर म्हणायचं, मी अमका, धारूरहून आलो. संपलं.

एखादी गोष्ट खरंच डोक्यात बसवायची असंल, म्हणजे दुकानात नवीन ठेवलेल्या पोराचं नाव, किंवा किल्ली कुठं ठेवायची, तर पद्धत अशी: आधी सांगा ‘किल्ली देवळीत’, लगेच विचारा किल्ली कुठं, ते म्हणतील देवळीत. अर्ध्या मिनिटानं परत विचारा, मग एक मिनिटानं, दोन, चार, आठ, असं अंतर दुप्पट करत जा. जिथं अडखळले तिथं अंदाज करू द्यायचा नाही, लगेच उत्तर सांगायचं आणि परत छोट्या अंतरावर यायचं. हे पण विचारणंच झालं असं तुम्ही म्हणाल, पण इथं उत्तर ताजं असतानाच विचारतोय, चुकायला जागाच ठेवत नाही, फरक तिथंय. एका वेळी एकच गोष्ट. आठवड्याला एक बसली तरी लई झालं. आणि नुसतं तोंडी नको, उठून जाऊन हातानं किल्ली देवळीत ठेवायची, रोज, त्याच जागी, कुणी हलवायची नाही. घरातल्या लेकरांना हे बजावून सांगा, आठ दिवस किल्ली तिथं आणि नवव्या दिवशी फ्रिजवर असं झालं की केलेली मेहनत मातीत.

आता वहीचं. सुरुवातीच्या काळात मी एका पेशंटला चौदा पानांची छापील फाइल करून दिलती, रोजचं टाइमटेबल, औषधं, फोन नंबर, फोटो, मूड कसाय त्याचे तक्ते, लई अभिमान वाटला मला. महिन्यानं आला तेव्हा फाइल कुठंय म्हणलं तर कोणती फाइल. बायको म्हणाली, ती कपाटावर ठेवली, खराब होईल म्हणून. तेव्हापासून मी एकच वही देतो, खिशात बसणारी, दोरीनं पेन बांधलेलं, आणि तिच्यात तीनच गोष्टी: आज काय करायचंय, आज काय झालं, आणि मागच्या पानावर नेहमी लागणारी माहिती. दाजींचा शर्टाचा खिसा हीच तिची जागा, शर्ट बदलला की वही त्या शर्टाच्या खिशात टाकायची, हे काम पहिले दोन महिने तुमचं.

वही दिली म्हणजे ती वापरतील असं मात्र समजू नका, वही आहे हेच विसरायला होतं. ते शिकवावं लागतं आणि टप्प्याटप्प्यानं. पहिल्यांदा नुसतं वहीत काय कुठं आहे ते हाताला लागू द्या. मग कधी लिहायचं ते, गिऱ्हाईक गेलं की लिहायचं, फोन ठेवला की लिहायचं, तुम्ही शेजारी उभं राहून ‘लिहा’ म्हणायचं, काय झालं ते तुम्हीच सांगायचं. मग हळूहळू तुमचं ‘लिहा’ फक्त बोटानं खिशाकडं खूण करण्यावर आणायचं, आणि शेवटी ते पण बंद. दुकानात जमलं म्हणजे लग्नात, दवाखान्यात, बाजारात जमंल असं नाही, तिथं परत शिकवावं लागतं. ह्याला दोन-तीन महिने लागतात, आठ दिवसांत सोडून देणारे लोक मी जास्त बघितलेत.

मोबाइलचा अलार्म उत्तम, पण नुसता वाजणारा अलार्म काय कामाचा, दाजी तो बंद करतील आणि कशासाठी वाजला ते विचारत बसतील. अलार्मला नाव द्या, मराठीत, ‘फिटची गोळी घ्या, डबी देवळीत’. वाचायचा कंटाळा करत असतील तर तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून तो आवाज अलार्मला लावा, बऱ्याच फोनमध्ये होतं, पोरांना सांगा. आणि नियम एकच की आधी काम, मग अलार्म बंद, ‘बंद करतो मग घेतो’ ह्याच्यात गोळी हमखास हुकते. ही काही नवीन फॅशन नाही, मोबाइल सगळ्यांच्या हातात यायच्या आधी इंग्लंडमध्ये त्याच बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी पेजरवर, म्हणजे फक्त छोटे मेसेज दाखवणाऱ्या खिशातल्या यंत्रावर, आठवणीचे मेसेज पाठवून बघितलते, २००१ साली त्यांनी १४३ लोकांचा अभ्यास छापला आणि ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांची रोजची कामं पेजर असताना ठळकपणे जास्त व्हायला लागलती. आपल्या खिशात त्याच्यापेक्षा दहापट चांगलं यंत्र आहे आणि आपण त्याच्यावर रील बघायलोत. एक काळजी घ्या, दिवसाला पाच-सहा अलार्मच्या वर जाऊ नका, नाहीतर त्या आवाजाची सवय होते आणि कोण लक्ष देत नाही.

दुकानाचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण तिथं त्यांची इज्जत आहे. मोटार आत आली की ती खाली ठेवायच्या आधी तिला तारेनं टॅग बांधायचा, जाड पुठ्ठ्याचा, त्याच्यावर गिऱ्हाइकाचं नाव, गाव, मोबाइल, काय झालंय, किती सांगितले, किती ॲडव्हान्स. टॅग नसलेल्या मोटारीला हात लावायचा नाही. पावतीसाठी कार्बनचं डबल बिलबुक आणा, स्टेशनरीत मिळतं, एक पान गिऱ्हाइकाला, एक बुकात, पैसे हातात आले की आधी बुकात लिहायचं मग गल्ल्यात टाकायचे. शक्य तितके पैसे स्कॅनरवर घ्या, तो बोलणारा डबा असतोच, आणि फोनमध्ये आपोआप नोंद राहते, वादच नाही. पुढच्या वेळी ‘दिले का नाही’ निघालं तर दाजींनी डोक्याला विचारायचं नाही, बुकाला विचारायचं. ‘थांबा, बुक बघून सांगतो’ हे वाक्य त्यांच्या तोंडात बसवा, वर सांगितलेल्या अंतर वाढवायच्या पद्धतीनं. चांगला दुकानदार तसं म्हणतोच, कुणाला आजार पण कळत नाही.

टर्न म्हणजे तारेचे वेढे मोजताना ते चुकतात असं तुम्ही लिहिलंय, ते पण बरोबर आहे. साठ-सत्तर टर्न मोजत असताना कुणी ‘भाऊ, झाली का मोटार’ म्हणलं की आकडा गेला, हा लक्ष टिकण्याचा प्रश्न आहे आणि मार लागलेल्या डोक्याला दोन गोष्टी एका वेळी झेपत नाहीत. काउंटर बसवलेलं वायंडिंग मशीन मिळतं ते घ्या, नाहीतर दर दहा टर्नला खडूनं एक रेघ मारायची. मोजताना रेडिओ बंद. गिऱ्हाइकाशी बोलायला ते नवीन ठेवलेलं पोरगं. अवघड काम सकाळी, दुपारी जेवल्यावर तास-दीड तास आडवं व्हायचंच, कारण मेंदूचा थकवा आला की असलेली स्मरणशक्ती पण निम्मी होते, संध्याकाळी सहाला तुम्ही उजळणी घ्यायच्या ना, ती अगदी वाईट वेळ निवडलेली.

गोळ्यांसाठी सात दिवसांचे सकाळ-संध्याकाळ असे खाने असलेली डबी मेडिकलवर मिळते. दर रविवारी तुम्ही भरायची. मग ‘घेतली का’ विचारायचंच नाही, खाना रिकामा आहे का ते बघायचं. बाकी सगळी पाकिटं तुमच्या कपाटात कुलपात, दाजींच्या हाताला फक्त डबी. फिटच्या गोळीत हे फार महत्त्वाचं, दोनदा घेतली तर गुंगी आणि मधेच बंद झाली तर फिट. ही गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, माझ्या पण नाही. हे मात्र खरंय की फिटच्या काही गोळ्यांनी सुस्ती येते, आणि लेव्हेटिरॅसिटॅमनं काही जणांचा स्वभाव चिडका होतो, तसं वाटत असंल तर न्यूरोच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते डोस किंवा गोळी बदलू शकतात.

एकच प्रश्न दहादा विचारतात त्याचं. अकराव्या वेळी तुमचा आवाज चढतो, माझा पण चढला असता. पण एक गोष्ट सांगतो. क्लापारेड नावाचे स्वित्झर्लंडचे डॉक्टर होते, त्यांनी १९११ मध्ये लिहून ठेवलंय की त्यांच्या एका पेशंट बाईला डॉक्टर कोण हे रोज नव्यानं सांगावं लागायचं. एक दिवस त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्या हातात हात दिला, तिला टोचलं. नंतर ती ते विसरली, पण परत हात पुढं केला तर तिनं हात मागं घेतला, कारण मात्र तिला सांगता येईना. घटना विसरते, टोचलेलं राहतं. तुम्ही काय बोललात ते दाजींना रात्रीपर्यंत आठवणार नाही, पण संध्याकाळी तुम्ही समोर बसलात की त्यांच्या पोटात गोळा येतोय हे त्या भांडणावरून दिसतंयच. म्हणून उत्तर छोटं, त्याच शब्दात, त्याच आवाजात द्या, आणि जो प्रश्न सारखा येतो त्याचं उत्तर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, ‘गाडी दुरुस्तीला आहे, डॉक्टरांनी हो म्हणल्यावर आणायची’, आणि तिकडं बोट करा. बोट करून थांबा, त्यांना स्वतः वाचू द्या.

गाडीचं लिहिलंच आहे तर, फिट येऊन गेलेल्या माणसानं डॉक्टर लेखी सांगेपर्यंत गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही. किल्ली माहेरी पाठवा वाटलं तर. रानात त्यांनी एकट्यानं फवारणी करायची नाही, औषध टाकलं का नाही हे विसरून एकाच पंपात दोनदा टाकलेली माणसं मी बघितलीत. कठडा नसलेल्या विहिरीवर एकटं नको, रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला एकट्यानं जायचं नाही, आणि दुकानात लाइनवर काम करायच्या आधी मेन स्विच पाडून त्याच्यावर पाटी अडकवायची, हे कुणीतरी दुसऱ्यानं बघायचं. गॅसवर दूध ठेवलं तर शेजारी उभं राहायचं, जायचं असंल तर आधी गॅस बंद.

बदाम खाऊ द्या, चांगलेच असतात, पण त्यानं मुनीम कामावर येत नाही. डोक्याच्या मारानंतर गेलेली स्मरणशक्ती परत आणंल असं खात्रीचं औषध आजघडीला कुठल्याच पॅथीत नाही, त्यावर पैसे घालवू नका, आणि ब्राह्मी वगैरे काही चालू करायचंच असंल तर फिटच्या गोळीसोबत चालतं का ते डॉक्टरांना विचारूनच. मोबाइलवरचे स्मरणशक्तीचे गेम खेळून माणूस त्या गेममध्ये हुशार होतो, किल्ली तरी सापडत नाही. त्यापेक्षा झोप पूर्ण होते का, रात्री घोरताना श्वास अडकतो का, दारू पूर्ण बंद आहे का, मन उदास असतं का ते बघा, आणि थायरॉइड नि बी १२ एकदा तपासून घ्या, कारण ह्या गोष्टींनी आधीच कमी असलेली स्मरणशक्ती अजून खाली जाते आणि ह्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

एक धोक्याचं. मार लागल्यानंतरचं विसरणं हळूहळू कमी होतं नाहीतर आहे तिथं थांबतं, ते उलटं वाढत जात नाही. सुधारत असताना एकदम वाढलं, सोबत डोकं दुखणं, उलटी, दिवसभर सुस्ती, चालताना तोल जाणं, कपड्यात लघवी होणं असं काही असलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडं, डोक्यात हळूहळू रक्त किंवा पाणी साठलेलं असू शकतं.

किती सुधरंल? आठ महिने झालेत. सगळ्यात वेगात सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते, नंतर वेग कमी होतो पण दोन वर्षांपर्यंत आणि कधी त्याच्या पुढं पण काही ना काही होत राहतं. पहिल्यासारखी होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण डोक्यातली स्मरणशक्ती तेवढीच राहून पण वही, बुक, टॅग, डबी ह्यांच्या जोरावर माणूस दुकान चालवतो हे मी बघितलंय, एक-दोन नाही, बरेच.

शक्य असंल तर संभाजीनगरला, लातूरला किंवा नांदेडला मेडिकल कॉलेजात मानसशास्त्रज्ञाकडून स्मरणशक्तीची नीट तपासणी करून घ्या, त्यात कळतं की लक्ष कमी पडतंय का नोंद होत नाही का आठवताना अडकतंय, आणि त्याप्रमाणं माझं वरचं सगळं कमीजास्त करता येतं. दिव्यांग प्रमाणपत्राचं पण विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत ‘स्मरणशक्ती’ हा शब्द आहे, त्यामुळं सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागातून अर्ज करता येतो, ‘वेड्याचं सर्टिफिकेट’ असं काही नसतं, घाबरून मागं येऊ नका. बहुतेक सवलतींना प्रमाणपत्रावर निदान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

सासूबाईंना एकदा तपासणीला सोबत न्या, माझं किंवा तुमचं ऐकणार नाहीत, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आणि तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय ‘माझंच डोकं फिरायची वेळ आली’, ते मी वाचून सोडून दिलेलं नाही. दिवसातला एक तास दिराकडं किंवा सासूबाईंकडं दाजींना सोपवून तुम्ही बाहेर पडा, शेजारी जा, मंदिरात जा, कुठंही, हे मी प्रत्येक घराला सांगतो आणि बायका ऐकत नाहीत. अगदीच असह्य झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, तो तुमच्यासाठी पण आहे, फक्त पेशंटसाठी नाही.

सगळं एकदम चालू करू नका. ह्या आठवड्यात उजळणी बंद आणि गोळ्यांची डबी, बस. पुढच्या आठवड्यात दुकानात टॅग आणि बिलबुक. वही त्याच्या पुढं. टॅगचं मात्र लांबवू नका, हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस आले की लाइट कमीजास्त होऊन जळालेल्या मोटारी एका दिवसात दहा-दहा येऊन पडतील, त्याच्या आत त्यांच्या हाताला टॅग बांधायची सवय लागली पाहिजे.